बंदुकीच्या जागी बरणी: कोयना-चांदोलीच्या रानासाठी आणीबाणीचं सामान

रानात अडकल्यावर जवळ काय हवं, हे इंटरनेटवर शोधायला गेलं की अमेरिकन व्हिडिओ समोर येतात आणि त्यांत हमखास एक घडीची रायफल असते. त्यातली सगळ्यात गाजलेली एआर-७. यूजीन स्टोनर हा बंदुकांचा रचनाकार आर्मालाइट या अमेरिकन कंपनीत असताना अमेरिकी हवाई दलासाठी एआर-५ नावाची वैमानिकांची रायफल तयार झाली होती, तिच्यावरून पुढे ही आली. नळी, यंत्रणा आणि मॅगझिन हे सगळे भाग पोकळ दस्त्यात बसतात, वरून टोपण लागतं आणि तो गठ्ठा पाण्यावर तरंगतो. मॅगझिनमध्ये पॉइंट टू-टूच्या, म्हणजे ०.२२ इंच मापाच्या, ८ गोळ्या बसतात. वजन साधारण १.६ किलो. जोडायला पाना लागत नाही, नळीचा नट हातानं आवळायचा. तो नीट आवळला नाही की नेम हलतो, आणि मॅगझिनच्या तोंडाला जरा बाक आला की गोळी अडकते.

रायफल सोडून द्या, पण बांधणीचा विचार उचलण्यासारखा आहे. सगळं एकाच आवरणात, आवरण पाणी न शिरणारं, बुडालं तरी वर येणारं आणि अंधारात हातानं उघडता येणारं. सातारा-सांगलीच्या पश्चिमेच्या रानात जाताना नेमकं असंच काहीतरी सॅकमध्ये हवं: आणीबाणीचं सामान भरलेली एक बरणी. फक्त आत काय भरायचं, ते आपल्या रानानं ठरवायचं.

आधी बंदुकीचा निकाल लावू. परवान्याशिवाय बंदूक बाळगणं हा आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ खाली गुन्हा आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण परवाना खिशात असला तरी कोयना अभयारण्यात किंवा चांदोलीत ती नेता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ३१ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन अभयारण्यात शिरायला मनाई आहे. ‘हत्यार’ या शब्दात कायद्यानं काय काय घातलंय तेही पाहून ठेवा: बंदूक आणि गोळ्या तर आहेतच, पण धनुष्यबाण, गळ, जाळं, फासा आणि सुरासुद्धा. म्हणजे परदेशी यादीतले मासे धरायचे गळ, सशाचे फासे, आणि आपल्याकडच्या हौशी लोकांच्या कमरेचा कोयता, सगळं त्यात आलं. दोरी आणि चिकटपट्टी कापायला बोथट टोकाची छोटी कात्री पुरते. घडीचा लहान चाकू न्यायचाच असेल तर नाक्यावर आपणहून दाखवा आणि ठेवून जा म्हणाले तर ठेवून जा.

कायदा बाजूला ठेवला तरी पॉइंट टू-टूचा उपयोग काय? ती गोळी अडीच ग्रॅमची. मोठा गवा हजार किलोच्या घरात जातो. त्याला ती मारणं म्हणजे आपणच त्याला बोलावणं. आणि शिकार करून पोट भरायची वेळ इथं येत नाही. सह्याद्रीत हरवलेला माणूस बहुतेक वेळा एक-दोन रात्रींत सापडतो. तेवढ्यात भुकेनं कोणी मरत नाही. माणूस जातो तो कड्यावरून पडून, भिजून गारठून, उन्हात पाणी संपून, आग्या मोहोळ उठल्यामुळे, नाहीतर साप चावल्यावर वेळेत दवाखाना न गाठल्यामुळे. या सगळ्यांच्या मुळाशी बहुतेकदा एकच गोष्ट असते: वाट चुकली, अंधार पडला आणि तरी माणूस चालतच राहिला. बरणीतली निम्मी जागा तुम्हाला एका जागी बसवून ठेवणाऱ्या वस्तूंची आहे.

बरणी कोणती घ्यायची

रुंद तोंडाची, फिरकीच्या झाकणाची, आत रबरी वायसर असलेली ५ लिटरची प्लास्टिकची बरणी. पारदर्शक, पातळ आणि दाबली की कडकड वाजणारी नको. ती दोन-तीन वर्षांत ठिसूळ होते आणि दगडावर पडली की तडकते. दुधी रंगाची, जाड, नखानं दाबल्यावर किंचित दबणारी घ्या. तोंड एवढं रुंद हवं की मूठ सहज आत जाईल. अरुंद तोंडाच्या बरणीतून काळोखात, बोटं गारठलेली असताना एक वस्तू काढायला सगळं सामान चिखलात ओतावं लागतं.

तरंगण्याचा हिशोब सोपा आहे. ५ लिटरच्या बरणीचं भरलेलं वजन ५ किलोपेक्षा जितकं कमी, तितकी ती पाण्यावर राहते. आपलं सामान बरणीसकट दोन किलोच्या आसपास जातं, म्हणजे भरपूर वाव आहे. बामणोलीहून वासोटा किल्ल्याला कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून बोटीनं जावं लागतं. चढता-उतरताना सॅक पाण्यात पडलीच, तर सॅकमधलं बाकी सगळं भिजेल, बरणी नाही.

नवी बरणी आणल्यावर आधी परीक्षा घ्या. आत वर्तमानपत्राचा कोरडा कागद टाका, झाकण लावा, बादलीत बुडवून वर वीट ठेवा आणि तासाभरानं कागद चाचपा. कडेला जरी ओल लागली तरी वायसर बदला. तरीही ओल आली तर बरणीत शेंगदाणे भरा आणि दुसरी आणा. बऱ्याचदा दोष बरणीचा नसतो. आट्यांत वाळूचा कण बसलेला असतो किंवा झाकण तिरकं चढलेलं असतं. झाकण लावताना आधी उलटं फिरवायचं, ‘टक्’ करून बसल्यासारखं वाटलं की मग सुलटं आवळायचं. म्हणजे आट्या एकमेकांवर चढत नाहीत.

आत काय, आणि कुठल्या थरात

भरायचं ते उलट्या क्रमानं. शेवटी लागणारं तळाशी, आधी लागणारं वर. सगळ्यात आधी काय लागतं? उजेड.

तळाशी १ लिटरचा स्टीलचा डबा, कडीचा आणि हँडल नसलेला. तो पातेलंही आहे, पाणी उकळायचं भांडंही, आणि उन्हात चमकवून खूण द्यायलाही येतो. डब्यात खाणं भरा: भाजलेले शेंगदाणे १५० ग्रॅम, गूळ १०० ग्रॅम, बेदाणे १०० ग्रॅम. तिघांचे मिळून साधारण दीड हजार कॅलरी होतात. एका जागी बसून काढायच्या दीड दिवसाला एवढं पुरे. बेदाण्यासाठी सांगली जिल्ह्यात लांब जायला नको. गूळ मात्र वेगळ्या झिप लॉक पिशवीत ठेवा. पावसाळी हवेत त्याला पाझर फुटतो, मग शेंगदाण्यांचा लगदा होतो आणि मुंग्यांना आमंत्रण जातं. कंदी पेढे आवडत असतील तर ते जेवणाच्या डब्यात न्या. दुधाची वस्तू महिनोन् महिने बंद राहणाऱ्या बरणीत नको. बिस्किटांचा चुरा होतो आणि ती तहान वाढवतात.

डब्याच्या बाजूच्या फटीत पाण्याचं सामान: क्लोरीनच्या गोळ्यांची एक पट्टी आणि ओआरएसच्या ४ पुड्या. गोळ्या घेताना पाकिटावर एका गोळीला किती लिटर लिहिलंय ते बघा. एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या ताकदीच्या गोळ्या मिळतात. १७ मिलिग्रॅमची गोळी ४ ते ५ लिटरला, ६७ ची २० लिटरला. घरच्या टाकीसाठी आणलेली मोठी गोळी बाटलीत टाकली तर पाणी तोंडात धरवत नाही. छोट्या ताकदीची घ्या आणि पट्टीवर मार्करनं लिटर लिहून ठेवा. गढूळ पाणी आधी पंचाच्या चार पदरी घडीतून गाळा, मगच गोळी टाका. गाळात क्लोरीन खर्ची पडतं आणि जंतूंना काही उरत नाही. गोळी टाकल्यावर अर्धा तास थांबायचं. बाटलीच्या आट्यांवरही तेच पाणी थोडं सांडून घ्या, तोंड तिथंच लागतं.

ओआरएसची मोठी पुडी पूर्ण १ लिटर पाण्यात एकदम टाकायची. अर्ध्या पेल्यात अर्धी पुडी अंदाजानं टाकली की मिठाचं प्रमाण चुकतं. बाजारात मिळणारी ‘ओआरएस’सारखी दिसणारी गोड पेयं यात धरू नका. पुडी नसली तर लिटरभर पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ.

मधल्या थरात औषधं. फार मोठा दवाखाना बांधू नका. १० सेंटिमीटर रुंदीची क्रेप बँडेज २, निर्जंतुक गॉजचे पॅड ४, दीड-दोन इंची कापडी चिकटपट्टीचा एक रोल, बेटाडीनची छोटी ट्यूब, सेफ्टी पिना ६, पॅरासिटामॉल ५०० च्या १० गोळ्या, सिट्रिझिन १० च्या १०, आणि स्वतःची रोजची औषधं दोन दिवस जास्तीची. ज्यांना मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्यावर पूर्वी दम लागलाय किंवा अंग सुजलंय, त्यांनी डॉक्टरांना विचारून वेगळी तयारी करायची. सिट्रिझिन तिथं पुरत नाही.

चिकटपट्टीवर कंजुषी करू नका, कारण खाजकुइली. दिवाळीनंतर शेंगा तयार होतात आणि पुढे थंडीभर वाटेच्या कडेला सोनेरी-तपकिरी लव घेऊन लटकत असतात. वाऱ्यानं ती लव अंगावर आली की माणूस वेडापिसा होऊन खाजवतो आणि कुसं आणखी आत जातात. हात लावायचा नाही, पाणी ओतायचं नाही. चिकटपट्टीचा वीतभर तुकडा हलकेच टेकवायचा आणि केसांच्या उलट दिशेनं ओढून काढायचा. प्रत्येक वेळी नवा तुकडा. पट्टी संपली तर ओल्या चिखलाचा जाड लेप द्या, वाळू द्या आणि पापुद्रा काढा. शर्टही काढून उलटा करून ठेवा, नाहीतर तीच लव रात्री परत मानेला लागते.

त्याच थरात जाळ करायचं सामान, सगळं मिळून ५० ग्रॅम. एक लायटर, एक काडेपेटी वेगळ्या झिप लॉकमध्ये, आणि कापूर. परदेशी माणूस व्हॅसलीन लावलेला कापूस नेतो, तोही चांगला. कापूस मोकळा करून पेटवला तर चार-पाच मिनिटं जळतो. पण आपल्या घरात देवापुढं कापूर असतोच. ओल्या काडीखालीही तो धरून राहतो. त्याचा एकच दुर्गुण: तो उडून जातो. साध्या कागदात ठेवलात तर वर्षभरानं कागदच उरतो. घट्ट झाकणाच्या छोट्या डबीत ८-१० वड्या ठेवा, आणि खाण्याजवळ नको, शेंगदाण्यांना वास लागतो. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बोटभर लांबीच्या चार पट्ट्या सोबत टाका. धूर घाण येतो, पण पावसात विझत नाही.

वरच्या थरात रात्र काढायचं सामान. एक चंदेरी आपत्कालीन ब्लँकेट, साठेक ग्रॅमचं. दोन खोळी, म्हणजे अंगावर घ्यायच्या प्लास्टिकच्या मोठ्या पिशव्या. चार मिलिमीटर जाडीची १० मीटर नायलॉन दोरी. ही दोरी आडोसा बांधायला आहे, कड्यावरून उतरायला नाही. बाजारातल्या साध्या नायलॉन दोरीवर माणसाचा भार टाकून खाली जाणं हा अपघाताचा सरळ रस्ता आहे, मग ती कितीही जाड दिसो.

सगळ्यात वर, झाकण उघडलं की हाताला लागेल असा हेडटॉर्च. हातात धरायची बॅटरी नको, हात मोकळे हवेत. त्यातला एक सेल उलटा घालून ठेवा, म्हणजे बरणीत दाबून बटण सुरू झालं तरी सेल संपत नाहीत. मात्र सेल उलटा आहे हे टॉर्चच्या पट्टीवर चिकटपट्टी लावून लिहा. नाहीतर अंधारात टॉर्च बिघडला असं वाटून तोच माणूस घाबरतो. जादा सेलचा एक संच, आणि पॉवर बँक १०,००० एमएएचची, केबल आपल्याच फोनची आहे याची खात्री करून.

शिट्टी बरणीत नाही. ती सॅकच्या छातीवरच्या पट्ट्याला. घसरून खाली अडकलेल्या माणसाचा हात पाठीवरच्या सॅकपर्यंत जात नाही. आत गोळी नसलेली प्लास्टिकची शिट्टी घ्या. आतल्या गोळीची शिट्टी ओली झाली की गप्प बसते, आणि धातूची थंडीत ओठाला बोचते. मिनिटात ६ वेळा फुंकायची, मग मिनिटभर थांबून कान द्यायचा, पुन्हा ६. उत्तर मिनिटात ३ शिट्ट्यांचं येतं. ओरडून घसा बसतो, शिट्टीनं बसत नाही.

एक कोरडा लोकरी स्वेटर, कानटोपी आणि मोजे वेगळ्या जाड पिशवीत, बरणीशेजारी. स्वेटर अंगावर घालून निघायचं नाही. तो घामानं भिजला की रात्री कोरड्याइतकी ऊब देत नाही. घोंगडी हा यावरचा आपला जुना आणि अस्सल उपाय आहे, लोकर भिजली तरी ऊब देते. पण दोन-तीन किलोंचं ओझं, आणि भिजल्यावर त्याहून जास्त. एका दिवसाच्या वाटेला ती परवडत नाही. मुक्कामाला असाल तर जरूर.

हे सगळं वजन केलं तर पाणी सोडून अडीच किलोंच्या आत येतं. ती घडीची रायफल आणि ५० गोळ्या यांचं वजन पावणेदोन किलोंपर्यंत जातं. तेवढ्यात पावणेदोन लिटर पाणी येतं, आणि मार्च ते मे या काळात ते जास्त मोलाचं आहे. उन्हाळ्यात माणशी ४ लिटर, थंडीत ३. गडावरची टाकी आणि ओढे फेब्रुवारीनंतर धरू नका.

खोळ आणि ब्लँकेट: रात्र कशी काढायची

महाबळेश्वर आणि कोयनानगर दोन्हीकडे वर्षाचा सरासरी पाऊस ५,००० मिलिमीटरच्या वर आहे. पण गारठून जायला पावसाळाच लागतो असं नाही. ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, अंगावर ओला शर्ट आणि माथ्यावरचा वारा एवढं जमलं की हवा १५-१८ अंश असतानाही माणूस थरथरायला लागतो. थरथर थांबली, बोलणं जड झालं आणि ‘मला झोपू द्या’ सुरू झालं, की हा थकवा नाही, धोका आहे.

खोळ ही आपल्या शेतातलीच वस्तू. खताच्या गोणीतली प्लास्टिकची पिशवी वापरणार असाल तर तीन-चार वेळा धुवा, खताचा अंश ओल्या कातडीला भाजतो. त्यापेक्षा मेणकापडाच्या दुकानातून साडेतीन बाय पाच फुटांची नवी, जाड पिशवी शिवून किंवा चिकटवून घ्या. तळाचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात आत ढकलला की टोकदार टोपी तयार होते. ती डोक्यावर, बाकीची पाठीवर. दुसऱ्या पिशवीत पाय घालून कमरेपर्यंत ओढायची. तोंड कधीच झाकून घ्यायचं नाही. मेणकापड श्वास सोडत नाही.

क्रम असा. उजेड असतानाच थांबा, सूर्य कड्याआड गेला की दरीत अंधार फार पटकन येतो. ओल्या कपड्यांतला निदान वरचा कपडा काढा, कोरडा स्वेटर आणि टोपी घाला. बसायच्या जागेवरचा पाचोळा काठीनं दूर सारा, खाली दोरीची वेटोळी आणि रिकामी सॅक घाला. जमिनीकडून जाणारी ऊब वरच्या वाऱ्यानं जाणाऱ्या उबेपेक्षा जास्त त्रास देते. मग अंगाभोवती चंदेरी ब्लँकेट आणि त्याच्यावर खोळ. ब्लँकेट बाहेर ठेवू नका. कारवीची एक काडी लागली की चीर पडते, आणि एकदा चीर पडली की ती टोकापर्यंत फाटत जाते. गुडघे पोटाशी. दोघं-तिघं असाल तर पाठीला पाठ लावून. झाडाखाली बसायचं तर आधी वर बघा: वाळकी फांदी आणि मोहोळ.

झाडावर चढून झोपण्याचा विचार सोडून द्या. झोपेत पडणाऱ्याला बिबट्याची गरज नसते. जनावराची भीती वाटत असेल तर आवाज करत राहा. गवा आणि अस्वल अचानक समोर आले की बिथरतात. आधी चाहूल लागली तर स्वतःच बाजूला होतात.

जाळाबद्दल. अभयारण्यात आग पेटवून रानाला धोका करणं कायद्यानं मना आहे, आणि जानेवारीनंतर गवत असं वाळलेलं असतं की एक ठिणगी अख्खा डोंगर घेऊन जाते. वणव्यात अडकलेला माणूस हरवलेल्या माणसापेक्षा जास्त अडचणीत असतो. म्हणून जाळ हा जीवावर बेतलं तरच, आणि तोही उघड्या कातळावर किंवा ओढ्याच्या रेतीत, भोवतीचं दोन हात गवत काढून, ओंजळीत मावेल एवढा. पाणी उकळायला तेवढा पुरतो. पाणी खळखळून उकळलं की एक मिनिट धरा, बास. विझवताना पाणी ओतून राखेत बोटं घालून बघा.

वाट चुकल्यावर

‘पाण्याच्या वाटेनं खाली उतरा, गाव लागतं’ हा सल्ला सपाट मुलखातला आहे. आपल्याकडे तो जीव घेतो. सह्याद्रीची मुख्य धार उत्तर-दक्षिण जाते आणि पश्चिमेला कोकणात सरळ कडा कोसळतो. त्या बाजूच्या ओढ्याला धरून उतरलात की पहिला टप्पा सोपा, दुसरा निसरडा, तिसऱ्या टप्प्याला धबधब्याचा माथा. खाली जाता येत नाही आणि आता वरही चढता येत नाही. रेस्क्यूवाले अशाच घळीतून माणसं काढतात. पूर्वेच्या बाजूला उतरलात तरी कोयनेच्या पाण्याशी याल, पण धरणानं तिथली बरीचशी गावं उठलीयत. काठ आहे, माणूस नाही.

दुसरा फसवा सोबती म्हणजे ढोरवाट. गावं उठली, ढोरं गेली, पण गव्यांनी त्या वाटा मळलेल्या ठेवल्यात. माणसाची वाट साधारण एकाच उतारानं खिंडीकडे किंवा सोंडेवर जाते, दगडावर बुटांनी गुळगुळीत झालेली दिसते, कमरेच्या उंचीवरच्या फांद्या मोडलेल्या असतात. गव्याची वाट पाण्याकडे आणि चाऱ्याकडे जाते, मध्येच चार वाटांत फुटते आणि करवंदीच्या जाळीत शिरते. शेणाचा पो दिसला म्हणून गाव जवळ आहे असं समजू नका.

शंका आली त्या क्षणी थांबा. शेवटची खात्रीची खूण आठवा. ती १५-२० मिनिटांच्या आत असेल आणि उजेड असेल तरच मागे जा, जाताना दर वळणावर दगडावर दगड ठेवत. नाहीतर जवळच्या मोकळ्या सोंडेवर बसा, जिथून दिसाल आणि जिथं फोनला रेंज मिळण्याची शक्यता आहे.

फोन सकाळपासूनच एरोप्लेन मोडवर हवा. रेंज शोधण्यात बॅटरी सगळ्यात जास्त जाते. जीपीएस त्या मोडमध्येही चालतं, नकाशा घरीच उतरवून घेतलेला असला तर ठिकाण कळतं. आकडे कागदावर लिहा. कोयना-चांदोलीच्या पट्ट्यात अक्षांश १७ नं आणि रेखांश ७३ नं सुरू व्हायला हवा. तसा नसेल तर फोन जुनं ठिकाण दाखवतोय, मोकळ्यावर जाऊन दोन मिनिटं थांबा. आधी ११२. तुमच्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून हा नंबर लागू शकतो. जखमी असेल तर १०८, वन विभागाला १९२६. कॉल लागत नसेल तर एसएमएस करा: आकडे, किती जण, कोणाला काय झालंय, पाणी किती. क्षणभराच्या रेंजमध्ये मेसेज निसटून जातो. सॅटेलाइट फोन आणि सॅटेलाइट मेसेंजर परदेशी यादीत पहिल्या नंबरवर असतात. आपल्याकडे सरकारी परवानगीशिवाय ते बाळगणं हाच गुन्हा आहे, परदेशातून कोणी भेट आणला तरी सॅकमध्ये टाकू नका.

साप चावला तर कात्री, ब्लेड, दोरी या तिन्ही वस्तू दूर ठेवा. कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. अंगठी, कडं, घड्याळ, बूट काढा, सूज येणार आहे. हात-पाय फळी किंवा सरळ काठी लावून क्रेप बँडेजनं सैलसर बांधा, हलू नये एवढंच. चालवू नका, उचलून न्या. सापाच्या मागे जाऊ नका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर आपल्याकडे एकच प्रतिविष लस देतात, कुठला साप ते ओळखण्यात वेळ घालवायची गरज नाही. चावल्याची वेळ लिहून ठेवा, डॉक्टरांना ती हवी असते.

आग्या मोहोळ उठलं तर तोंडावर खोळ किंवा शर्ट घेऊन सरळ धावत सुटायचं, हात झटकत उभं राहायचं नाही. वासोट्यासारख्या कड्यांच्या ठिकाणी धावायची दिशा आधीच बघून ठेवा. नांग्या नखानं किंवा कार्डाच्या कडेनं लगेच खरवडून काढा. अत्तर, सिगारेट आणि कड्याच्या टोकावरची आरडाओरड यामुळेच बहुतेक वेळा मोहोळ उठतं.

निघायच्या आधी

कागदाच्या दोन चिठ्ठ्या. एक घरी, एक बामणोलीला बोटवाल्याकडे किंवा चांदोलीला जाताना मणदूरच्या नाक्यावर: नावं, वाट, परतायची वेळ, आणि ‘अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळवा’. वेळ नक्की लिहा. ‘संध्याकाळपर्यंत’ असं लिहिलं की घरचे रात्री अकरापर्यंत वाट बघतात. वासोट्याला मुक्कामाला परवानगी नाही आणि बोट ठरल्या वेळी परत हवी असते, तेव्हा माणूस आला नाही हे सगळ्यात आधी बोटवाल्यालाच कळतं. वनखात्याचे लोक तिथं प्लास्टिकच्या वस्तू मोजून नोंदवतात आणि अनामत घेतात. बरणी, खोळी, झिप लॉक, सगळं मोजून द्या आणि तेवढंच परत आणा.

पावसाळ्यात ही अभयारण्यं बंदच असतात. पण तेव्हा कास, ठोसेघर, महाबळेश्वरच्या बाजूला फिरणाऱ्यांनी बरणीत मीठ आणि तंबाखूची एक पुडी टाकावी, जळवांसाठी. जळू ओढून काढायची नाही, मीठ लावलं की स्वतः सुटते. जखम बराच वेळ वाहते, घाबरू नका, पॅड दाबून धरा. उन्हाळ्यात स्वेटर काढून त्याजागी एक लिटर पाणी आणि रुंद काठाची टोपी.

मोसमातून दोनदा, दसऱ्याला आणि होळीला, बरणी रिकामी करा. शेंगदाणे खवट झालेत का चाखा, खाऊन टाका, नवे भरा. सेल बदला. ब्लँकेट पूर्ण उलगडून बघा. वर्षानुवर्षं घडीत राहिलं की थर चिकटतात आणि चंदेरी मुलामा घडीवर सुटतो, मग ते टाकून द्यायचं. गोळ्यांच्या तारखा बघा. वायसरला खोबरेल तेलाचं बोट फिरवू नका, रबर फुगतं. ओल्या फडक्यानं पुसून वाळवा. पॉवर बँक अर्ध्यावर आली असेल तर भरून ठेवा. कापराची डबी हलवून बघा, आवाज आला नाही तर ती रिकामी झालीय.